होम थेटर चालू, लाईट लागते, पण आवाजच नाही? स्क्रू खोलायच्या आधी हे करून पाहा

पोळ्याच्या सकाळी मले हमखास दोन-तीन फोन येतात. "काकाजी, होम थेटर चालू होते, लाईट लागते, पण आवाजच नाही येऊन राहिला." वर्षभर आलमारीवर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला डब्बा, आणि नेमकी बैल धुवून आणल्यावर त्याची आठवण येते. मी काही दुकानवाला मेकॅनिक नाही, आयटीआयले इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, पुढं पराटी (कपाशी) आणि तूर यातच राहिलो, पण घरी सोल्डरिंगची गन आणि मल्टिमीटर आहे हे गावात सगळ्यायले माहीत आहे. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच काढू, फोनवर समजावून सांगता सांगता तोंड दुखते राजेहो.

आधी माझीच फजिती सांगतो. लग्न नवीन होतं तेव्हा मामाजींचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर बंद पडला, म्हणजे दिवा लागे पण आवाज नाही. जावईबुवा इलेक्ट्रॉनिक्सवाले, मग काय, आल्या आल्या स्क्रू खोलले आणि दोन तास ट्रान्झिस्टर मोजत बसलो. सगळं बरोबर दिसे. शेवटी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे बटन नेहमी वर राहते, आज दबलेलं कसं काय?" ते टेप मॉनिटरचं बटन होतं. ते दाबलं की अँप्लिफायर फक्त मागं जोडलेल्या टेपचंच ऐकतो, बाकी रेडिओ म्हणा काही म्हणा, सगळं तुटते. बटन वर केलं आणि माजघर दणाणलं. त्या दिवसापासून मी स्क्रूले हात सगळ्यात शेवटी लावतो.

ठिबकच्या शेवटच्या सरीले पाणी पोहोचलं नाही तर आपण काही मोटर खोलून बसत नाही, आधी कॉक पाहतो, मग फिल्टर, मग नळी कुठं उंदरानं कुरतडली काय ते पाहतो. इथं पण तसंच आहे. आवाज मोबाईल, टीव्ही नाहीतर पेनड्राईव्हमधून निघतो, वायरनं किंवा ब्लूटूथनं डब्ब्यात येतो, व्हॉल्यूममधून पॉवर आयसीकडं (आवाज मोठा करणारी चिप), तिथून मोठ्या सेटमध्ये रिलेतून (विजेनं आपोआप लागणारा खटका), मग स्पीकरच्या वायरनं स्पीकरमध्ये. या रस्त्यात कुठं अडला तेवढंच शोधायचं आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन वायरी एकदम काढून परत लावल्या आणि चालू झालं तर खराबी कोणती होती ते कळत नाही, आठ दिवसांनी परत तेच.

लाईटच लागत नसेल तर

हे सोपं आहे म्हणून लवकर आटोपतो. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून पाहा. चार्जर चालला तर सेटची वायर मुळाशी हलवून पाहा. मग मागं काळी गोल टोपी असते, त्यात काचेचा फ्यूज. प्लग बोर्डातून काढून मगच टोपी फिरवा. आतली तार नुसती तुटलेली दिसली तर कदाचित व्होल्टेजच्या झटक्यानं किंवा जुना होऊन गेला असेल, पण काच आतून काळी किंवा चांदीसारखी चमकत असेल तर आत शॉर्ट आहे, नवीन टाकला तरी तो पण जाईल. नवीन फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा, जुन्यावर आकड्याच्या आधी टी लिहिलेला असेल तर टीवालाच घ्या, तो हळू उडणारा असतो, ट्रान्सफॉर्मर चालू होताना एकदम जास्त करंट ओढतो तेवढा तो सहन करतो. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरची तार गुंडाळून फ्यूज बनवायची हुशारी कोणी करू नका बाप्पा, दहा रुपयाच्या फ्यूजपायी ट्रान्सफॉर्मर जळलेला मी पाहिला आहे.

लाईनचं पण पाहा. घरी २३० व्होल्ट यायले पाहिजे. आमच्याकडं रात्री थ्री फेज आली आणि डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी सुरू झाल्या की मीटर १६५-१७० दाखवते, बल्ब पिवळा पडतो. असेंबल केलेल्या, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये अशा वेळी लाईट लागते पण रिले ओढायले जोर पुरत नाही, मग आवाज कुठून येईल. मोटरी बंद झाल्यावर चालवून पाहा. ज्याच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं आहे त्याले एवढा फरक पडत नाही.

लाईट आहे, आवाज नाही: आधी बटनं

म्यूट पाहा. रिमोट लहान पोराच्या हाती गेला की हे होतेच. मग इनपुट पाहा, डिस्प्लेवर ऑक्स (वायरनं येणारा आवाज), यूएसबी, बीटी (ब्लूटूथ), एफएम असं काही लिहून येते. गाणं ब्लूटूथवर आणि सेट ऑक्सवर, असं लय वेळा असते. मोबाईलचा स्वतःचा मीडिया व्हॉल्यूम वेगळा आणि सेटचा वेगळा, दोन्ही वर पाहिजे. ब्लूटूथमध्ये अजून एक गंमत, सेट एका वेळी बहुतेक एकाच मोबाईलशी बोलतो. आमच्या शेजारच्यांचा सेट चार दिवस मुका होता, कारण रोज संध्याकाळी भिंतीपलीकडं त्यांच्याच पुतण्याचा मोबाईल आपोआप जोडला जाई आणि तो बिचारा कानात काहीच का येत नाही म्हणून मोबाईलले शिव्या देई.

हेडफोनचं भोक विसरू नका. त्या सॉकेटच्या आत एक पत्ती असते, पिन घातली की पत्ती सरकते आणि स्पीकर तुटतो. जुनी पत्ती वाकून तशीच अडकून राहते, किंवा आत धूळ नाहीतर पिनचं तुटलेलं टोक राहते. चांगली पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, अर्ध्यात आवाज खर्र करून आला तर चोर सापडला. जुन्या अँप्लिफायरवर स्पीकर ए आणि बी अशी बटनं पण असतात, वायर ए ले जोडलेली आणि बटन बी चं दाबलेलं, हे पण होते. आणि टेप मॉनिटर तर सांगितलंच.

एफएम लावून पाहा, ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा

सेटमध्ये रेडिओ असेल तर एफएम लावा. स्टेशन नाही लागलं तरी चालते, नुसता सळसळ आवाज जरी आला तरी समजा की व्हॉल्यूम, पॉवर आयसी, वायर, स्पीकर, सगळं जिवंत आहे, कारण एफएम आतच तयार होते, त्याले बाहेरची आवाजाची वायर लागत नाही. मग खराबी तुमच्या मोबाईलमध्ये, टीव्हीत किंवा मधल्या वायरीत आहे. एका मिनिटात अर्धा रस्ता निकालात निघतो.

रेडिओ नसेल तर बोटाची परीक्षा. इनपुट ऑक्सवर करा, व्हॉल्यूम एकदम कमी, ऑक्सची वायर सेटकडून लावा आणि मोकळ्या टोकाच्या पिनच्या शेंड्याले बोट लावून व्हॉल्यूम हळूहळू थोडा वाढवा. भुर्रर्र असा जाड आवाज आला तर अँप्लिफायर ठीक. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ आपल्या अंगावर सतत येत असतो, तोच तो आवाज. पायात चप्पल ठेवा, भिंतीले टेकू नका, आणि हात लावताच झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा, प्लग काढा, अर्थिंग आधी पाहून घ्या. आपल्याकडं कितीतरी घरी अर्थिंग म्हणजे नुसती बोर्डातली तिसरी छिद्रं आहेत, त्याच्या मागं तारच नाही.

वायरी

मोबाईलच्या ऑक्स वायरीचं आयुष्य पिनजवळच्या एका इंचात असते. वरून रबर चांगलं दिसते, आतली केसासारखी तार तुटलेली. गाणं चालू ठेवून ती जागा बोटानं हळू वाकवा, आवाज येऊन जाऊन करत असेल तर दुसरी वायर आणा, हिले जोडत बसण्यात अर्थ नाही.

आता एक चूक जी मी २.१ (दोन स्पीकर, एक बेसचा डब्बा) आणि ५.१ (पाच स्पीकर, एक बेसचा डब्बा) च्या स्वस्त सेटमध्ये लय पाहिली. यांच्या मागं इनपुटची आणि स्पीकरची छिद्रं सारखीच असतात, गोल, लाल-पांढरी. आलमारी झाडताना सगळं काढलं आणि लावताना स्पीकर इनपुटमध्ये, मोबाईलची वायर आऊटपुटमध्ये. आवाज तर येतच नाही, वरून आऊटपुटमधला जोर मोबाईलमध्ये गेला तर मोबाईलची पण वाट. मागं काय छापलं आहे ते टॉर्च लावून वाचा, आणि एकदा बरोबर लागलं की मागचा फोटो काढून ठेवा. सेट टॉप बॉक्सच्या तीन वायरींत पिवळी चित्राची असते, आवाज लाल आणि पांढरीत, पिवळी स्पीकरकडं लावून काही उपयोग नाही. आणि ५.१ मध्ये सहा छिद्रं असतात, त्यात मागच्या स्पीकरच्या जोडीत वायर गेली तर पुढचे स्पीकर चूप.

स्पीकरची वायर जिथं दाबायच्या लाल-काळ्या क्लिपमध्ये जाते तिथं दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वरचं प्लॅस्टिकच क्लिपखाली दाबल्या जाते, तांबं टेकतच नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यात तांबं हिरवं-काळं पडते. प्लग काढा, टोक कापून टाका, साधारण एक सेंटिमीटर नवीन तांबं मोकळं करा, सगळे तंतू नीट पीळ देऊन मग घाला. एक पण तंतू बाजूच्या क्लिपले लागता कामा नये, का ते पुढं येतेच.

आमच्याकडं दिवाळीनंतर कापूस घरात येतो, भाव चांगला होईपर्यंत खोलीत छताला टेकवून ठेवतो, आणि स्पीकर त्याच्या मागं दबून जातो. एका वर्षी मार्चमध्ये कापूस विकला, खोली मोकळी झाली, सेट लावला तर डावा स्पीकर मुका. वायर पाहिली तर दर वीतभर अंतरावर उंदराचे दात, आणि स्पीकर हलवला तर आत काहीतरी खुळखुळे. मागची जाळी काढली. वूफरच्या डब्ब्याले बेससाठी जे गोल भोक असते ना, त्यातून उंदीर आत गेला होता, सरकीचे टरफलं, पिंजलेला कापूस, माझ्या शाळेच्या जुन्या वहीचे तुकडे, असं मऊ मऊ घरटं, आणि कोनचा कागद एका बाजूनं चंद्रकोरीसारखा खाल्लेला. तेव्हापासून त्या भोकाले बारीक लोखंडी जाळी लावतो, ढोलक भरल्यासारखं कापड कोंबू नका, बेस जातो.

स्पीकर जिवंत आहे का

एकच बाजू बंद असेल तर मीटर पण लागत नाही. सेट बंद करा, डावा स्पीकर उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावा, परत चालू करा. मुकेपणा स्पीकरसोबत सरकला तर स्पीकर किंवा त्याची वायर खराब. मुकेपणा तिथंच राहिला, म्हणजे आता चांगला स्पीकर पण त्या बाजूले चूप, तर खराबी सेटमध्ये किंवा त्याच्याही मागच्या वायरीत. मग इनपुटच्या लाल-पांढऱ्या वायरी अदलाबदल करून तोच खेळ.

स्पीकर एकटा तपासायचा असेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकर सेटपासून पूर्ण सोडवा, दोन तारा सेलच्या दोन टोकांले क्षणभर टेकवा आणि लगेच सोडा. खट् किंवा खर्र आवाज आला तर कॉइल जिवंत. गोल पिनवाला स्पीकर असेल तर एक टोक मधल्या शेंड्याले, दुसरं बाहेरच्या कड्याले. धरून ठेवू नका, आणि ज्या स्पीकरच्या डब्ब्यातच अँप्लिफायर असून ज्याले वेगळी लाईन लागते त्याच्यावर हा प्रयोग नाही.

मल्टिमीटर असेल तर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून मोजा. मागं ८ ओहम लिहिलं असलं तरी मीटरवर ६ ते ७ दिसते, ४ ओहमचा तीन-साडेतीन दाखवतो, घाबरू नका, ते बरोबरच आहे, लिहिलेला आकडा आवाज चालू असतानाचा असतो. काहीच नाही दाखवलं, नुसता १ किंवा ओएल, तर कॉइल तुटली. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. लहान ट्विटरच्या (बारीक आवाजाच्या स्पीकरच्या) सोबत कपॅसिटर, म्हणजे मीटरचा करंट अडवणारा पार्ट, लावलेला असतो, तिथं मीटर काहीच दाखवणार नाही, त्याले मेला म्हणून फेकू नका, कपॅसिटरच्या पलीकडं मोजा.

प्रोटेक्शन, म्हणजे सेट स्वतःच तोंड बंद करतो

मोठ्या सेटमध्ये चालू केल्यावर दोन ते पाच सेकंदांनी आतून टक् आवाज येतो. तो रिले. टक् झाल्यावरच स्पीकर जोडल्या जातो. टक् येतच नसेल, लाल लाईट टिमटिमत असेल किंवा डिस्प्लेवर प्रोटेक्ट येत असेल तर सेट म्हणून राहिला की मागं काहीतरी गडबड आहे, मी स्पीकर जोडत नाही. इथं तो वायरीचा एक तंतू आठवा, लाल-काळ्यामध्ये शॉर्ट झाला की असंच होते.

सेट बंद करा, प्लग काढा, सगळे स्पीकर सोडवा, पाच मिनिटं थांबा, मग चालू करा. आता टक् आलं तर खराबी वायरीत किंवा स्पीकरमध्ये. दर वेळी सेट बंद करून एक एक स्पीकर जोडत जा, ज्याच्यावर परत चूप होईल तो आरोपी. स्पीकर नसताना पण टक् येत नसेल तर आतलं काम आहे.

स्वस्त सेटमध्ये रिले नसते, म्हणून त्यात एक मोजणी नक्की करा. स्पीकर काढून ठेवा, सेट चालू, व्हॉल्यूम शून्य, मीटर डीसी २० व्होल्टवर, आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलमध्ये पाहा. शून्याच्या जवळपास दिसलं पाहिजे. पाच, दहा, पंधरा असे व्होल्ट दिसले तर आऊटपुटचा आयसी शॉर्ट आहे, आणि त्याच्यावर नवीन स्पीकर लावला की तो पण जळतो. लोक नेमकं हेच करतात, एक स्पीकर गेला, दुसरा आणला, तो गेला, आणि शिव्या स्पीकरले.

वीस मिनिटं वाजतो, चूप होतो, थंड झाला की परत वाजतो, असं असेल तर तो गरमीनं बंद होतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर, टिनाच्या खोलीत, वरून तो क्रोशाचा रुमाल. रुमाल काढा, वर-मागं वीतभर जागा सोडा. तरी तसंच होत असेल तर ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी जोडले आहेत काय पाहा, दोन मिळून २ ओहम होतात आणि आयसीचा घाम निघतो.

टीव्हीचा आवाज येत नाही, बाकी सगळं चालते

मग सेट सोडा, टीव्हीची सेटिंग पाहा. एचडीएमआयनं जोडलं असेल तर टीव्हीच्या ज्या छिद्रावर एआरसी (टीव्हीचा आवाज परत सेटकडं पाठवणारं) लिहिलं आहे त्यातच वायर पाहिजे, बाजूच्यात आवाज परत येत नाही. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये टीव्ही स्पीकरच्या जागी बाहेरचा स्पीकर निवडा. ऑप्टिकलची वायर असेल तर डिजिटल आवाज पीसीएमवर (साधा डिजिटल आवाज) करा, टीव्ही डॉल्बी पाठवत असला आणि सेटले ते उलगडता येत नसलं तर तो एकदम गप्प बसतो. मृगाच्या आधीच्या विजांनंतर नुसतं एचडीएमआयचं छिद्र मेलं आणि ऑक्स चालू राहिलं असं पण होते, तेव्हा ऑक्सवर काम भागवा. ढग गडगडले की बोर्डाचा खटका बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा.

खोलायचंच असेल तर

खोलायच्या आधी सेट बंद ठेवून व्हॉल्यूमचं बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. जुन्या फिरत्या व्हॉल्यूममध्ये कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, फिरवल्यावर खरखर करून आवाज आला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की झालं.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांनी पुढचं फक्त वाचा. प्लग काढल्यावर पण मोठ्या कपॅसिटरमध्ये लाईन राहते. जड ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसएमपीएसवाल्या (हलक्या स्विचिंग सप्लायच्या) सेटच्या पहिल्या कपॅसिटरवर ३०० च्या वर डीसी व्होल्ट असतात, ते हाताले चांगलंच फेकते. थांबा, मीटरनं मोजा, शून्य झाल्याशिवाय हात नाही.

आत गेल्यावर आधी नुसतं पाहा आणि वास घ्या. डोकं फुगलेला कपॅसिटर, पाल चिकटून काळा पडलेला भाग, रिलेत शिरलेल्या मुंग्या (यांले रिलेत काय गोड लागते देव जाणे), आणि जड पार्टच्या पायाभोवती सोल्डरले पडलेली बारीक गोल चीर. या चिरेनं सेट थंड असताना वाजतो, गरम झाला की चूप, किंवा डब्ब्यावर थाप मारली की बोलतो. घरोघरी जी थाप मारायची पद्धत आहे तिचं कारण ही चीर आहे.

आयसी बदलायचा असेल, समजा टीडीए २०३०, तर त्याच्या पाठीचा पत्रा मायनस सप्लायशी आतून जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकच्या मध्ये मायकाचा (अभ्रकाचा) तुकडा आणि स्क्रूले प्लॅस्टिकचं वॉशर लागते. तालुक्याले एका मेकॅनिकनं माझ्या भावाच्या सेटमध्ये मायका न टाकता आयसी बसवला, घरी येऊन लावला आणि फट्. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लाईनच्या सिरीजमध्ये लावा, म्हणजे करंट बल्बातूनच सेटमध्ये जाईल, बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भक्क पेटूनच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, पण फ्यूज आणि आयसी वाचतात. एलईडी बल्ब इथं चालत नाही.

आणि तालुक्याले न्यायची वेळ आलीच तर नुसता डब्बा नेऊ नका. रिमोट, ज्या बाजूचा आवाज येत नाही तो स्पीकर आणि त्याची वायर सोबत घ्या, नाहीतर दुकानात वाजतो आणि घरी चूप, दोन चकरा फुकट. वर काय काय करून पाहिलं ते सांगा, एफएम येते, टक् येत नाही, असं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. एसटीत डब्बा सीटखाली ठेवू नका, मांडीवर घ्या, आणि ट्रान्सफॉर्मरची जड बाजू खाली येईल असा धरा, आमच्या रोडवर एवढे खड्डे आहेत की चांगलं सोल्डर पण पोहोचेपर्यंत निघून येते.